शिस्त आणि माशी

बंदुकीचा विषय ह्या सदरांत कसा आला, असा प्रश्न आमच्या वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, पडेल. आजवर ह्या पानांवर आम्ही व्याकरण, व्रतें, मुलांचा अभ्यास आणि घरांतील वडील माणसांचे स्वभाव ह्यांविषयीं लिहीत आलों आहों. शस्त्रास्त्रांशीं आमचा संबंध महाभारतापलीकडे कधीं गेला नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत विलायतेस असतां शंभर वर्षांहून जुन्या एका लष्करी बंदुकीनें आम्हांस जो धडा दिला, तो पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हांस मिळाला नव्हता. तो वाचकांपुढें ठेवल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

आरंभीं एका शब्दाचा विचार करूं. 'शिस्त' हा शब्द आम्हीं वर्गांत किती सहस्र वेळां उच्चारला असेल, ह्याची गणती नाहीं. शिस्त म्हणजे गप्प बसणें, रांगेंत चालणें, वेळेवर येणें, एवढाच अर्थ मुलांच्या मनांत ठसला असावा. आणि खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत तेवढाच होता. परंतु हा शब्द फारसींतून आलेला असून त्याचा जुना अर्थ नेम असा आहे. जुन्या मराठींत बंदुकीची शिस्त धरीत, शिस्त बांधीत. डोळा, बंदूक आणि लक्ष्य हीं तिन्ही एका सरळ रेषेंत आणणें ही मूळची शिस्त. मुलांस रांगेंत उभें करणें हा तिचा मागाहून झालेला विस्तार होय.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. आमचा पुतण्या चि. माधव गेलीं बारा वर्षें नोकरीनिमित्त लंडनजवळ राहतो. त्याचें काम संगणकाचें, पण छंद जुन्या लष्करी बंदुकांचा. तिकडे रीतसर परवाना असला आणि बंदूक कडीकुलपांत ठेवण्याची व्यवस्था असली, म्हणजे अशी बंदूक बाळगतां येते व चांदमारीच्या मैदानावर जाऊन चालवितां येते. त्यानें नुकतीच एक 'ली-एन्फील्ड' जातीची बंदूक विकत घेतली होती. जेम्स पॅरिस ली ह्या स्कॉटलंडांत जन्मलेल्या संशोधकानें योजिलेली खिट्टीची रचना, आणि लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथें असलेला सरकारी कारखाना, ह्या दोहोंवरून तिचें नांव पडलें. १९०७ सालीं ठरलेला तिचा नमुना पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्याच्या आणि आपल्या हिंदी पलटणींच्याही हातांत होता. नळी सव्वापंचवीस इंच लांब, वजन चार किलोच्या आंतबाहेर, पेटींत दहा काडतुसें. ह्याच बंदुका बंगाल्यांत इच्छापूर येथें घडत, आणि त्यांचीं काडतुसें आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत होत. नळीचा आंतील व्यास .३०३ इंच, म्हणून 'थ्री-नॉट-थ्री' हें तिचें दुसरें नांव आपल्याकडे पोलिसांमुळें घरोघर ठाऊक आहे. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तर तिला निरोप दिला तो २०२० सालीं. सामान्य नागरिकास मात्र ती आपल्या देशांत सरकारच्या खास परवानगीवांचून बाळगतां येत नाहीं.

माधवच्या बंदुकीवर १९१७ हा आंकडा कोरलेला आहे. रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "काका, बंदूक उत्तम आहे, पण गोळी नेम धरतों तेथें जात नाहीं. जाणत्या कारागिराकडून ती तपासून घेतली आहे, दोष कांहीं नाहीं. उद्यां तिची शिस्त जुळवावयाची आहे. तुम्ही चला. थोडें गणित लागेल." गणित लागेल म्हणतांच आम्ही निघण्याचें कबूल केलें. आमच्या सूनबाईंनीं दोन डब्यांत पोळीभाजी भरून दिली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही बिझ्लीस पोहोंचलों. सरे परगण्यांतील हें खेडें म्हणजे नेमबाजांची पंढरीच समजावी. इंग्लंडांत १८५९ सालीं राष्ट्रीय रायफल संघ निघाला. त्याची पहिली स्पर्धा १८६० च्या जुलैंत विंबल्डनच्या माळावर भरली, आणि १८९० पासून ती बिझ्लीस भरूं लागली. विंबल्डनच्या पहिल्या दिवसाची, म्हणजे २ जुलै १८६० ची, हकीकत बोधप्रद आहे. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाच्या हस्तें झाडावयाची होती. जोसेफ व्हिटवर्थ ह्या मँचेस्टरच्या सुप्रसिद्ध यंत्रज्ञाची बंदूक एका बैठकीवर पक्की बसवून ४०० यार्डांवरील निशाणावर आधींच नीट जुळवून ठेविली होती. राणीनें रेशमी दोरी तेवढी ओढली, आणि गोळी मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर जाऊन लागली. मान राणीस मिळाला. काम आधींच झालेलें होतें. शिस्त नीट जुळविलेली असली, म्हणजे दोरी कोणींही ओढावी.

ही जुळणी कशी करावयाची, हें समजण्यास बंदुकीच्या दोन खुणा ध्यानांत घेतल्या पाहिजेत. एक खूण डोळ्याजवळ असते. तेथें पोलादी पट्टीवर इंग्रजी 'यू' अक्षरासारखी एक खांच असून, अंतर वाढेल तशी ती पट्टी वर उचलतां येते. ह्या बंदुकींत तिच्यावर २०० पासून २००० यार्डांपर्यंत आंकडे आहेत. दुसरी खूण नळीच्या तोंडाशीं असते. तें एक उभें लहानसें पातें. त्यास आपल्याकडील जुने लोक माशी म्हणत. माशीचा माथा खांचेच्या बरोबर मध्यावर आणि तिच्या दोन्ही खांद्यांशीं समपातळींत यावा, व तोच माथा लक्ष्यावर टेकलेला दिसावा, म्हणजे शिस्त बसली.

येथें आमच्या पौराणिक ज्ञानास पहिला धक्का बसला. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, असें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों. (मूळ महाभारतांत डोळा नाहीं, मस्तक आहे, पण तें असो.) बंदुकीच्या शिस्तींत मात्र लक्ष्य थोडें अंधुक दिसूं द्यावें, मागची खांचही अंधुक दिसूं द्यावी, आणि दृष्टि ठेवावी ती माशीवर. कारण खांच हाताच्या अंतरावर, माशी त्यापुढें सुमारें आणखी एका हातावर, आणि लक्ष्य दूर. ह्या तिन्ही वस्तू एकाच वेळीं स्वच्छ दिसतील असा डोळा विधात्यानें मनुष्यास दिलेला नाहीं. आम्हीं आमचा दुहेरी कांचांचा चष्मा लावून रिकाम्या बंदुकीवरून एकदां पाहिलें. आम्हांस तिहींतील एकही वस्तु धड दिसेना; तेव्हां झाडण्याचें काम माधवचें आणि हिशेबाचें काम आमचें, अशी वांटणी झाली.

बंदूक रिकामी असल्याची खात्री दोघांनीं वेगवेगळी करून घेतली. नळींतील तेल पुसून काढलें. कारण तेलकट नळींतून निघालेली पहिली गोळी पुष्कळदां भलतीकडे जाते. मग माधवनें वाळूच्या थैल्या रचून त्यांवर डावा हात टेकविला, पट्टी २०० च्या आंकड्यावर ठेविली, आणि १०० यार्डांवरील काळ्या वर्तुळावर नेम धरून पहिली गोळी झाडली. दुर्बिणींतून पाहतां ती मध्यापासून बरीच उजवीकडे लागलेली दिसली. माधवचा हात लगेच हत्यारांच्या डब्याकडे गेला.

शेजारच्या जागेवर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ बसले होते. तरुणपणीं ते सैन्यांत होते, असें मागाहून कळलें. ते सौम्यपणें म्हणाले, "एका गोळीवरून बंदूक समजत नाहीं. पांच झाडा, मग हात लावा." माधवनें आणखी चार झाडल्या. पांचही गोळ्या तळहाताखालीं झांकतील एवढ्या जागेंत पडल्या होत्या. मात्र त्यांचा पुंजका मध्यापासून सहा इंच उजवीकडे होता.

वृद्ध गृहस्थांचें म्हणणें आम्हांस तेव्हां उमगलें. गोळ्या चहूंकडे विखुरल्या असत्या, तर दोष शोधावयाचा तो झाडणाऱ्याच्या श्वासांत, चापावरील बोटांत, सैल झालेल्या एखाद्या स्क्रूंत किंवा झिजलेल्या नळींत. त्या वेळीं माशी हालवणें व्यर्थ. परंतु गोळ्या एकत्र पडत असून सर्व एकाच बाजूस जात असतील, तर झाडणारा स्थिर आहे, बंदूकही निर्दोष आहे. फक्त खुणांची रेषा आणि गोळीचा मार्ग ह्यांचा मेळ नाहीं. विखुरलेली चूक आणि एकवटलेली चूक ह्या दोन भिन्न जाती आहेत, आणि त्यांवरील उपायही भिन्न आहेत.

आतां आमची पाळी आली. खांचेपासून माशीपर्यंत अंतर सुमारें साडेएकोणीस इंच. लक्ष्य १०० यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर. तेव्हां ३,६०० इंचांस ६ इंच, तर साडेएकोणीस इंचांस किती? भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या आपल्या ग्रंथांतील लीलावतींत शिकविलेलें त्रैराशिकच हें. साडेएकोणीस गुणिले सहा, म्हणजे ११७. त्यास ३,६०० नीं भागिलें, कीं उत्तर.०३२५ इंच. म्हणजे इंचाचा सुमारें एकतिसावा भाग! नळीच्या तोंडाशीं एवढासा फरक, आणि शंभर यार्डांवर त्याची वीतभर चूक होते. आम्हीं तें गणित कागदावर मांडून मोठ्या ऐटीनें माधवच्या हातीं दिलें आणि सांगितलें, "गोळी उजवीकडे जाते, तेव्हां माशी एवढी डावीकडे सरकव."

माधवनें माशीच्या मूळ जागीं पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेविली. ह्या बंदुकीची माशी आडव्या खोबणींत घट्ट बसविलेली असते, आणि तिच्या दोन्ही अंगांस पोलादी कान असल्यामुळें ती हातोडीनें ठोकणें योग्य नव्हे. तिला पकडून स्क्रूच्या फेऱ्यानें केसभर रेटणारें एक छोटें यंत्र मिळतें. तें लावून आणि कॅलिपरनें मोजून त्यानें माशी आम्हीं सांगितली तितकी डावीकडे नेली. पुन्हां पांच गोळ्या झाडल्या. पुन्हां पुंजका तसाच सुबक पडला. पण मध्यापासून आतां तो बरोबर बारा इंच उजवीकडे गेला होता.

आमचें गणित काडीमात्र चुकलें नव्हतें. दिशा चुकली होती. आणि गणित अचूक होतें म्हणूनच चूक अचूक दुप्पट झाली होती. वृद्ध गृहस्थ मिशींतल्या मिशींत हंसले आणि म्हणाले, "माशी चुकीच्या मागें जाते. खांच उलट जाते. मलाही पहिल्या दिवशीं खरें वाटलें नव्हतें."

असें कां व्हावें, हें आमच्या वाचकांनीं घरींच पडताळून पाहावें. डाव्या हाताचें बोट डोळ्याजवळ मागच्या खांचेच्या जागीं धरावें आणि एक लांब पट्टी घेऊन तिचें पुढचें टोंक समोरच्या खिडकीच्या गजाशीं जुळवावें. आतां पट्टीच्या टोंकास उजव्या कडेवर एक काडी चिकटविली आहे, आणि पट्टीचें टोंक नव्हे, तर ती काडी गजाशीं जुळवावयाची आहे, असें समजावें. तसें करतांना पट्टी आपोआप डावीकडे वळते! बंदुकीचेंही तेंच. माशी उजवीकडे सरकली, कीं तिला पुन्हां लक्ष्याशीं आणण्यासाठीं झाडणारा नळीचें तोंड डावीकडे नेतो, आणि गोळी डावीकडे जाते. म्हणून गोळी उजवीकडे जात असेल तर माशीही उजवीकडेच न्यावी. गोळी वर जात असेल तर माशी उंच करावी, खालीं जात असेल तर ठेंगणी करावी. डोळ्याजवळची खांच मात्र उलट : गोळी जिकडे न्यावयाची, तिकडेच खांच न्यावी. ह्या जातीच्या आरंभींच्या बंदुकांत खांच उजवीडावीकडे सरकविण्याची सोय होती. युद्धाच्या धामधुमींत, १९१६ च्या सुमारास, काम लवकर उरकावें म्हणून ती काढून टाकण्यांत आली. त्यामुळें माधवला माशीवांचून दुसरें साधन नव्हतें.

माशी आतां डाव्या बाजूची चूक भरून काढून आणखी तितकीच उजवीकडे न्यावयाची होती. तसें केलें, आणि पुंजका मध्यरेषेवर आला. मग उंचीकडे लक्ष दिलें. गोळ्या नेमाच्या उंचीवरच पडत होत्या. पण पट्टी २०० यार्डांवर ठेविलेली असतां १०० यार्डांवर त्या दोनअडीच इंच वर पडावयास पाहिजेत, कारण गोळीचा मार्ग सरळ नसून किंचित कमानदार असतो. म्हणजे गोळी वर न्यावयाची, तर माशी ठेंगणी हवी. ह्या बंदुकीच्या माश्या इंचाच्या पंधरा सहस्रांशांच्या फरकानें निरनिराळ्या उंचीच्या केलेल्या असतात. आमच्या त्रैराशिकानें पाहतां एका पायरीस शंभर यार्डांवर पावणेतीन इंच पडतात. माधवनें एक पायरी ठेंगणी माशी बसविली. पुढच्या पांच गोळ्या पाहिजे तेथें पडल्या. ह्या सर्व वेळांत वृद्ध गृहस्थांनीं एक नियम कसोशीनें पाळविला : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काडतुसें पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जातीचीं वापरावयाचीं.

जेवणाच्या वेळीं आम्हीं त्यांस आमची पोळीभाजी दिली आणि विचारलें, कीं सरकारी कारखान्यांतून जुळवून निघालेली बंदूक पुढें अशी कां बिघडावी? ते म्हणाले, ती बिघडलेली नसते. तिची परिस्थिति बदललेली असते. ह्या बंदुकीचा लांकडी दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत जातो. शंभर पावसाळ्यांत लांकूड फुगतें, आटतें आणि नळीवर दाब टाकतें. रशियाच्या मोसिन-नागां बंदुका संगीन चढवूनच जुळवीत; आज संग्राहक संगीन काढून झाडतो आणि गोळी बाजूस गेली म्हणून बंदुकीस दोष देतो. जर्मनांच्या १८९८ च्या मौजर बंदुकीची पट्टी पुष्कळदां ४०० मीटरांपेक्षां खालीं येतच नसे. तेव्हां शंभर मीटरांवर ती वर मारणारच. बंदूक सांगते तें खरेंच असतें; ती कोणत्या परिस्थितींत बोलते, हें आपण ओळखावयाचें असतें.

परतीच्या वाटेवर माधव आनंदांत होता, आणि आम्ही गप्प होतों. आम्हांस एक विद्यार्थी आठवत होता.

तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवीच्या वर्गांत एक मुलगा फळ्यावरील उदाहरणें वहींत उतरवून घेतांना हमखास चुके. ५ चा ४ करी, १ चा ९ करी. पुढची रीत बिनचूक, पण उत्तर चूक. चूक एकदां झाली नव्हती, रोज होत होती, आणि रोज तशीच होत होती. आम्हीं तिचें नांव निष्काळजीपणा असें ठेविलें. आमच्या वर्गांत निष्काळजी मुलास मागच्या बांकावर धाडण्याची शिस्त होती. तिसऱ्या बांकावरून तो मुलगा शेवटच्या बांकावर गेला. त्याच्या चुका दुप्पट झाल्या. आम्हीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें. त्या वर्षीं तो नापास झाला, आणि वडिलांनीं त्याला शाळेंतून काढून दुकानांत बसविलें. पुढें दोन वर्षांनीं आम्हीं त्यास गल्ल्यावर पाहिलें, तेव्हां त्याच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता.

चष्मा पाहून आम्हांस वाईट वाटलें होतें, परंतु आमची चूक नक्की कोणती, हें बिझ्लीच्या मैदानावर समजलें. आमचा बंदोबस्त कमी नव्हता कीं अधिक नव्हता. तो उलट्या दिशेनें होता. त्याहून मोठी गोष्ट अशी, कीं पुंजका सहा इंचांवरून बारा इंचांवर गेला, तेव्हां आम्हां तिघांतील एकानेंही बंदुकीस दोष दिला नाहीं. क्षणाचाही विलंब न लावतां आम्हीं म्हटलें, कीं आपली दिशा चुकली. मुलाच्या चुका दुप्पट झाल्या, तेव्हां मात्र आम्हीं मुलालाच दोष दिला. लोखंड आणि लांकूड ह्यांस जो न्याय आम्हीं एका सकाळींत दिला, तो त्या मुलास वर्षभरांत दिला नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर आम्ही मुद्दाम त्या दुकानीं गेलों. आतां तो चाळिशीपलीकडचा गृहस्थ आहे. दुकान त्याचेंच आहे. गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर त्यानें आम्हांस खुर्ची दिली, चहा मागविला. आम्हीं त्यास बंदुकीची हकीकत सांगितली, माशी कोणीकडे सरकवावयास हवी होती तेंही सांगितलें, आणि शेवटीं मागच्या बांकाची गोष्ट काढून त्याची क्षमा मागितली. तो फार संकोचला. चष्मा काढून पुशीत थोडा वेळ तसाच बसला, आणि मग म्हणाला, "गुरुजी, तुमचा तरी काय दोष? मला वाटे, फळा सगळ्यांनाच तसा दिसतो."